फादर स्टीफन्स मराठी कोणाकडून शिकले?

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले एक जहाज सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्राशी झुंजत २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. त्यातून उतरलेल्या येशूसंघीयांमध्ये एक तिशीतला इंग्रज होता. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात तो जन्मला होता आणि १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाला होता. नाव थॉमस स्टीफन्स. गोव्यातील पोर्तुगीज त्यांना ‘पाद्रे इस्तेव्हांव’ म्हणत. हिंदुस्थानात कायमची वस्ती केलेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या दिवशी त्यांना या देशाच्या कोणत्याही भाषेतला घोटभर पाणी मागण्यापुरता शब्दही ठाऊक नसावा. मात्र १६१६ साली साष्टीतील राचोलच्या छापखान्यातून त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. ओव्यांची संख्या ११ हजारांच्या घरात, आणि भाषा अशी की ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या ओवीवर वाढलेल्या मराठी रसिकाने मान डोलवावी.

फादर स्टीफन्सचा गौरव आपण अनेकदा ऐकला आहे. त्यांनी मराठीची थोरवी गाताना रत्नांच्या, फुलांच्या, पाखरांच्या ज्या उपमा योजल्या त्या शाळेच्या क्रमिक पुस्तकांतूनही पिढ्यान्पिढ्या पाठ झाल्या. मात्र त्या गौरवाच्या भरात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. हा परदेशी माणूस मराठी शिकला तरी कसा, आणि कोणाकडून? त्या वेळी आपल्या भाषेचे छापील व्याकरण नव्हते, छापील कोश नव्हता. गोव्याला छापखाना १५५६ साली आला होता खरा, पण त्यातून निघणारी पुस्तके मुख्यतः पोर्तुगीज आणि लॅटिन. कोकणीचे जे पहिले व्याकरण पुढे छापले गेले ते या फादरांनीच लिहिलेले होते. ज्याला पुस्तक हवे होते त्यालाच ते शेवटी लिहावे लागले.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी सदतीस वर्षे मागे जायला हवे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर परवांच्या वस्तीत गेले. हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना बोलावणारा हा संत आपल्या घरांतील चित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. मुलांना ते जी प्रार्थना शिकवीत होते ती त्यांनी स्वतः दुभाष्यांच्या मदतीने तमिळमध्ये उतरवून तोंडपाठ केली होती. त्या भाषेत मोकळेपणाने बोलणे त्यांना जमत नव्हते. १५४९ साली जपानात कागोशिमाला उतरल्यावर त्यांनी गोव्याच्या बंधूंना जे दीर्घ पत्र लिहिले त्यात ही खंत स्पष्ट आहे. हे लोक आपल्याविषयी बोलतात आणि आपण त्यांच्यामध्ये पुतळ्यासारखे मुके उभे असतो, आता भाषा शिकण्यासाठी लहान मुलासारखे व्हावे लागेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत. त्याच जपानात, अंजिरो नावाच्या सोबत्याच्या सल्ल्यावरून, त्यांनी परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. तो बौद्धांच्या एका पंथातील महाबुद्धाचे नाव आहे हे ध्यानात आल्यावर तो सोडून सरळ ‘देउस’ हा शब्द योजावा लागला. एका शब्दाने केवढा घोटाळा होऊ शकतो! तोंडपाठ वाक्य आणि बोललेले वाक्य यांत किती अंतर असते, हा धडा येशूसंघाने या अनुभवातून घेतला असे म्हणता येईल. झेवियरांच्या मागून त्याच किनाऱ्यावर गेलेले फादर हेन्रिक हेन्रिकेस तमिळमध्ये इतके मुरले की १५७८ साली कोल्लमला तमिळ लिपीत छापलेले पहिले पुस्तक त्यांच्या हातून तयार झाले.

अशा परंपरेत फादर स्टीफन्स आले. त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य साष्टीत गेले. (वसईकर वाचकांनी ही साष्टी मुंबईलगतची समजू नये. गोव्याच्या दक्षिणेकडील मडगावचा मुलूखही साष्टीच.) मडगाव, राचोल आणि आसपासची खेडी ही त्यांची शाळा. ती शाळा शांत होती असे मात्र कोणी समजू नये. देवळे पाडली गेली होती, पोथ्या जप्त होत होत्या, इन्क्विझिशनचा वचक होता. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी फादर रुदोल्फ अक्वाविवा आणि त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना ठार केले. ज्या लोकांची भाषा शिकायची त्यांच्या मनात राग आणि भीती दोन्ही होती. त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला, म्हणजे गोव्यात पाऊल ठेवल्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, स्टीफन्सनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात इकडच्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानाला वाईट लागत नाही, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे निरीक्षण आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याचा सिद्धान्त मांडला तो १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीच्या एका पाद्रीने हे नाते कानाने ओळखले होते. विभक्ती प्रत्यय, क्रियापदांची रूपे ही पुस्तकात बघून नव्हे, तर ऐकून-बोलून हाताशी आली की असे साम्य चटकन जाणवते.

कानाची ही तयारी त्यांच्या लेखनपद्धतीतही उतरली आहे. ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. आता युरोपीय कानाला ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ ही एकाच आवाजाची दोन रूपे वाटतात. आजही एखादा परदेशी पाहुणा ‘ताट’ म्हणायला गेला की आपल्याला हसू येते. फादरांनी काय केले? टवर्गातील वर्णांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची रीत वापरली. ‘पुराण’ लिहिताना ‘एन’ हे अक्षर दोन वेळा, ‘मराठी’ लिहिताना ‘टी’ दोन वेळा. ही युक्ती छापखान्याच्या खिळ्यांत सुचणारी नव्हे. समोरचा माणूस जिभेचे टोक दातांना लावतो की टाळ्याकडे वळवतो, हे रोज पाहिल्याखेरीज ती सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यांचे गुरू कोण? याचे एक उत्तर खुद्द ख्रिस्तपुराणातच आहे. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीच्या एका देवळात रविवारी दुपारी मुलांना धर्मशिक्षण चालले आहे. तेथे एक ब्राह्मण ख्रिस्ती येतो, ऐकतो, आणि पाद्रीगुरूला विचारतो, की तुमची ही शिकवण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या विनंतीतून पुढचा सारा ग्रंथ उभा राहतो. गुरू सांगतात, श्रोते मध्येच शंका विचारतात, गुरू उत्तर देतात आणि कथा पुढे सरकते. तो ब्राह्मण प्रत्यक्ष असो वा कवीच्या कल्पनेतला, हा प्रश्न साष्टीत रोज कानी पडणारा असला पाहिजे, एवढे निश्चित. पोथ्या हिरावून घेतलेल्या लोकांच्या संध्याकाळी सुन्या झाल्या होत्या. जो रात्री कीर्तन-पुराण ऐकत वाढला त्याला नुसती प्रश्नोत्तरी पुरत नाही. हे फादरांना कळले याचा अर्थ त्यांनी केवळ शब्द ऐकले नाहीत, शब्दांमागची उणीवही ऐकली.

त्या पोथ्यांचे पुढे काय झाले याची एक खूण पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहे. तेथे रोमन लिपीत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आणि मराठी काव्ये यांची हस्तलिखिते मिळाली. एका हाताने ज्या पोथ्या काढून घेतल्या त्याच दुसऱ्या हाताने उतरून अभ्यासल्या गेल्या. ही विसंगती आपण लपवण्याचे कारण नाही. ओवीचा जो घाट, जी लय, पौराणिक शब्दांची जी श्रीमंती स्टीफन्सच्या काव्यात आहे, ती जुन्या मराठी काव्याच्या सहवासावाचून येणे शक्य नव्हते. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात!

दुसरे उत्तर ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत मिळते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. फादर तेथे म्हणतात की परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास या देशाच्या भाषांमध्ये मराठी योग्य वाटली म्हणून ग्रंथ मराठीत लिहिला. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांना उमगत नाही, म्हणून मागच्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे आज ज्याला आपण कोकणी म्हणतो तिच्यातले, सोपे शब्द मिसळले. जो माणूस ग्रंथ वाचून भाषा शिकतो त्याला अवघड शब्दाचा अभिमान असतो. अवघड शब्द कोणता आणि सोपा कोणता, हे ठरविण्यासाठी शेतावरून आलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघावे लागते. स्टीफन्सचे खरे शिक्षक म्हणजे हे चेहरे.

याच वृत्तीतून त्यांनी ५ डिसेंबर १६०८ रोजी रोमला संघाच्या महाप्रमुखांना एक पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे त्यात आहे. अडचणही ते सांगतात. युरोपच्या अक्षरांना चोवीस साचे पुरतात, इथल्या अक्षरांना सहाशेच्या आसपास लागतील! ते काही जमले नाही. ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापावे लागले. १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली आणि व्याकरण १६४० साली, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, राचोलला छापली गेली.

हा काही एकट्या स्टीफन्सचा मार्ग नव्हता. ज्या वर्षी ते गोव्याला आले त्याच १५७९ साली फादर मिकेले रुज्जेरी हे इटालियन येशूसंघीय मकावला पोहोचले. चिनी आणि पोर्तुगीज दोन्ही जाणणारा शिक्षक मिळेना, तेव्हा त्यांनी एका चिनी चित्रकाराला गुरू केले. त्याने घोड्याचे चित्र काढायचे, शेजारी अक्षर लिहायचे आणि तोंडाने उच्चार करायचा. मोठ्या पदवीधर पंडिताने बालवाडीच्या मुलासारखे चित्रावर बोट ठेवून शिकायचे! मदुरेला १६०६ साली गेलेले फादर रॉबर्ट डी नोबिली तमिळ आणि संस्कृत शिकले ते तेथील विद्वानांसमोर शिष्य म्हणून बसून. १७०० साली सुरतेला उतरून पुढे केरळात स्थिरावलेले जर्मन फादर हांक्सलेडन तर तेथील लोकांचे ‘अर्णोस पादिरी’च झाले. त्यांचे ‘पुत्तन पाना’ हे मल्याळम काव्य उपवासकाळात केरळच्या कॅथोलिक घरांतून गाइले जाते. गोव्यातही स्टीफन्सच्या मागोमाग फ्रेंच फादर एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्रावर ओवीबद्ध पुराण रचले. ते १६२९ साली छापले गेले.

धर्मसभेनेही त्या काळात हेच धोरण ठरविले होते. १६०६ च्या गोवा प्रांतिक परिषदेने लोकांची भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये असा नियम केला. भाषा शिकण्याचे ओझे आलेल्या पाहुण्यावर टाकणारा हा नियम न्याय्य होता. परंतु नियम आणि आचरण यांत अंतर पडत गेले. स्टीफन्सच्या पिढीनंतर आलेल्या अनेकांना भाषा शिकण्याचे कष्ट नकोसे झाले, आणि मग ते ओझे पाहुण्यावरून उचलून यजमानाच्या डोक्यावर ठेवण्यात आले.

२७ जून १६८४ चा तो प्रसिद्ध हुकूम. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा, आल्व्होरचे काउंट, यांनी फर्मान काढले की गोव्याच्या लोकांनी आपली भाषा सोडून द्यावी आणि तीन वर्षांच्या आत सर्वांनी पोर्तुगीज बोलू लागावे. आदल्याच वर्षी संभाजीराजांच्या फौजांनी गोव्याला हादरा दिला होता; स्थानिक भाषेकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस होते. तीन वर्षे गेली. तीस गेली. १७४५ साली आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी आणखी पुढची पायरी गाठली, आणि पोर्तुगीज येत नसेल तर लग्नाला परवानगी नाही अशी आज्ञा काढली. वाचकहो, कल्पना करा. नवरा-नवरीने एकमेकांशी जी भाषा बोलायची नाही त्या भाषेची परीक्षा द्यायची आणि मग वेदीपुढे उभे राहायचे.

त्यातून निष्पन्न काय झाले? गोव्याच्या काही वरिष्ठ घराण्यांत पोर्तुगीज आली, कचेरीत आली, पुढे वृत्तपत्रांत आणि साहित्यातही आली. पण स्वयंपाकघरात कोकणीच राहिली. शेतात, होडीत, पाळण्याजवळ कोकणीच राहिली. हुकूम गावात पोहोचला, परंतु त्याच्याबरोबर पोर्तुगीज बोलणारी शेजारीण पोहोचली नाही. गावोगावी गोऱ्यांची बिऱ्हाडे नव्हती, बाजारात त्यांच्याशी भाव करायचा नव्हता, विहिरीवर त्यांच्याशी भांडायचे नव्हते. जिच्यात रागावता येत नाही, लाडावता येत नाही, उधार मागता येत नाही, ती भाषा तीन वर्षांत काय, तीन शतकांतही घरात येत नाही. हुकुमाने लोक पोर्तुगीज झाले नाहीत. मात्र त्यांचे स्वतःचे लिहिणे-वाचणे खुंटले, आणि स्टीफन्सने सुरू केलेली ओवीची परंपरा गोव्यात तुटली. हे नुकसान कोणत्याही पराभवापेक्षा कमी नव्हे.

यातून मार्ग काढणाराही एक पोर्तुगीजच निघाला, ही इतिहासाची गंमत. १८५५ साली गोवा सरकारचे सचिव म्हणून आलेले कुन्य रिव्हारा यांनी जुनी दप्तरे चाळली, स्टीफन्सचे व्याकरण १८५७ साली पुन्हा छापले, आणि पुढच्याच वर्षी कोकणी भाषेचा इतिहास लिहून या दडपशाहीचा पाढा आपल्याच देशबांधवांपुढे वाचला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत हाताने लिहून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्यांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत संपूर्ण ख्रिस्तपुराण छापले गेले ते शांताराम बंडेलू यांच्या हातून, पुण्यात, १९५६ साली. १६०८ च्या त्या पत्रानंतर ३४८ वर्षांनी.

इथे कोणी म्हणेल, की मग भाषा कानावर सतत पडत राहिली म्हणजे झाले. ते तितकेसे खरे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देवळांत आहे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ साली आला आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो संपवला. तेव्हापासून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ, आपल्या पूर्वजांनी दर रविवारी लॅटिन मिस्सा ऐकली. वेदीसेवक मुले लॅटिन उत्तरे खणखणीत देत. म्हाताऱ्या बायांना ‘पातेर नोस्तेर’ मुखोद्गत असे. परंतु सेमिनरीत शिकलेले सोडले, तर त्यांतला कोणी लॅटिन बोलू लागला काय? कोणी लॅटिनमध्ये शेजाऱ्याला हाक मारली काय? ऐकणे भरपूर होते, उत्तरेही ठरलेली होती, पण प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. त्या प्रार्थनेत भक्ती होती यात शंका नाही; भाषा मात्र पलीकडच्या तीरावरच राहिली. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेच्या संविधानाला मान्यता दिली, लोकभाषेला दार उघडले, आणि साठीच्या दशकात मिस्सा मराठीत सुरू झाली. तेव्हा आपण काय म्हणत होतो ते अनेकांना प्रथमच कळले.

विसाव्या शतकात कानाला आणखी एक शिक्षक मिळाला, रेडिओ. हिंदी भाषा बिगरहिंदी प्रांतांत कशी पसरली, याचे श्रेय राष्ट्रभाषेच्या परीक्षांना दिले जाते. त्या परीक्षांचे मोल मी कमी लेखत नाही. पण १९५२ साली काय घडले ते पाहावे. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे हा हेतू उदात्त होता. लोकांनी सुई फिरवली आणि सिलोन लावले! त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे अमीन सायानींचा ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाला, आणि १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढून श्रोत्यांची मनधरणी करावी लागली. हुकूम आणि कान यांच्या झगड्यात पुन्हा कानच जिंकला. मात्र येथेही लॅटिनचा धडा लागू पडतो. गाण्यांनी हिंदी समजू लागली. ती बोलता येऊ लागली ती लोकलच्या डब्यात, गिरणीत, दादरच्या बाजारात भाजी आणि फुले विकताना. रेडिओ कान तयार करतो. जीभ तयार व्हायला समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाशी आपले काही काम लागते.

अशा कामाधामातूनच पोर्तुगीज भाषेचे किती शब्द आपल्या घरात आले ते मोजावेत. पाव, चावी, मेज, पगार, लिलाव, घमेले, पिंप, फीत, इस्त्री, मेस्त्री, काजू, अननस, नाताळ. यांतला एकही हुकुमाने आलेला नाही. गवंड्याबरोबर, शिंप्याबरोबर, बेकरीवाल्याबरोबर ते आले, आणि पोर्तुगीज गेले तरी परत गेले नाहीत. गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी, १९०६ साली, त्यांनी वसई, वांद्रे, माहीम या उत्तरेकडच्या ख्रिस्ती लोकांत बोलल्या जाणाऱ्या मिश्र पोर्तुगीज बोलीची नोंद केली होती. म्हणजे आपल्याकडेही ती बोली कुठे कुठे विसावे शतक उजाडेपर्यंत तग धरून होती. आता ती मावळली.

पण एका ठिकाणी मावळलेली नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हे गाव आहे. किल्ल्याच्या डोंगराखाली ख्रिस्ती वस्ती आणि माउंट कार्मेल मातेचे देऊळ आहे. पोर्तुगीज १७४० साली येथून गेले. त्यानंतर या वस्तीला पोर्तुगीज शाळा नव्हती, पोर्तुगीज कचेरी नव्हती, पोर्तुगीज शिकण्याचा कोणाचा हुकूम तर नव्हताच. तरीही येथील हजाराच्या आतबाहेर माणसे घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीजपासून झालेली आहे. गोव्यात फर्मानाने जे साधले नाही ते येथे फर्मानावाचून झाले, कारण किल्ल्याच्या शिबंदीभोवती वसलेल्या कुटुंबांत ती बोली चुलीपाशी पोहोचली होती. आईने मुलाला दिली, त्याने आपल्या मुलाला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी येथे राहून १९९६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. मुलांची मराठी शाळा, नोकरीसाठी बाहेर जाणारी तरुण पिढी आणि घरातला दूरदर्शन संच यांमुळे तिच्यावर ताण आहे, हे अभ्यासकांनी तेव्हाच नोंदवले होते.

गावकरी तिला ‘नो लिंग’ म्हणतात. अर्थ, आपली भाषा. आसपास अडीचशेहून अधिक वर्षे मराठीच मराठी; तिच्याशी रोजचा व्यवहार. त्यामुळे या बोलीचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज राहिले, पण वाक्याची ठेवण बदलत गेली. लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते आपल्या मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते.